प्रोसर साहेबांचे आठ डबे

प्रोसर साहेबांनी तिसऱ्या डब्यात हात घातला. अंगठ्याने चाचपत मागे गेले, मध्येच थांबले, पुन्हा पुढे आले. मग एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"वाचा बरं, मिस्टर निकम. 'डोकं' असायला हवं."

मी वाचलं. ते 'मीठ' होतं.

"माझे दोरे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "प्रत्येक गठ्ठ्याला दोरा होता."

"सर, ते जुने झाले होते. मी काढून टाकले. आता सगळं व्यवस्थित लावलंय. ए टू झेड."

शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. ते उलटं बसलं. त्यांनी ते काढून पुन्हा लावलं. तेव्हा कुठे मला कळलं, की माझ्या हातून काहीतरी भयंकर घडलंय.

ही गोष्ट साठच्या दशकातली. कुवेतमध्ये शुऐबाला बंदराचं काम चाललं होतं आणि मी एका कंत्राटदाराच्या स्पेअर पार्ट्स स्टोअरमध्ये रेकॉर्ड क्लार्क होतो. त्याआधी मनमाडला रेल्वेच्या स्टोअरमध्ये सात वर्षं काढलेली. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं. त्याला बिन कार्ड म्हणतात. वस्तू कोणती आणि कुठल्या फळीवर आहे, हे त्यावर असतं. कार्ड जागेवर नसेल तर वस्तू असून नसल्यासारखी. त्यामुळे कार्डं क्रमाने लावणं हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. विस्कटलेला गठ्ठा दिसला की मला चैन पडत नसे. कुवेत शहराजवळ हवल्लीच्या एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. तिथे मी तिघांच्या चपलासुद्धा मापाप्रमाणे लावत असे, आणि त्याबद्दल शिव्या खात असे.

प्रोसर साहेब आमचे प्लांट इंजिनिअर. माणूस वेल्सचा. त्यांना कोणी इंग्लिश म्हटलं की ते चिडत नसत, पण दुरुस्त जरूर करत. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स, समुद्रापलीकडे आयर्लंड, उत्तरेला स्कॉटलंडची बेटं आणि दक्षिणेला फ्रान्सच्या टोकाला ब्रिटनी. या चारही ठिकाणच्या जुन्या भाषा एका घराण्यातल्या आहेत. त्यांना केल्टिक भाषा म्हणतात. आपली मराठी, गुजराती, बंगाली जशी भावंडं, तशीच तीही. कोणता शब्द कोणत्या भाषेतल्या कोणत्या शब्दाचा भाऊबंद, हे शोधणं हा साहेबांचा नाद होता. बंदरावर माणसं सगळीकडची. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा कप्तान स्कॉटलंडच्या बेटावरचा, एक पाणबुड्या ब्रिटनीचा, दवाखान्यातल्या सिस्टर नोरा आयर्लंडच्या. साहेब एकेकाला चहाला बसवायचे आणि शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. बकाल्यातून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून आणलेले बिस्किटांचे आठ पत्र्याचे डबे त्यांनी हजारेक कार्डांनी भरले होते.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. राजीनामा देऊन ते घरी निघाले होते. जायला बारा दिवस राहिले होते. गावी भाची वाचून दाखवणार होती, पण या भाषांपैकी तिला फक्त वेल्श येत होतं. कोणत्या शब्दाशेजारी कोणता, हे फक्त साहेबांना माहीत होतं, आणि तेही बोटांना. कुठल्या डब्यात कितवा गठ्ठा, एवढ्या खुणेवर ते चालत. कार्डांवर नंबर नव्हते.

त्याच्या आदल्या आठवड्यात ते तपासणीसाठी इस्पितळात होते. त्याच आठवड्यात धुळीचं वादळ आलं. डब्यांत वाळू शिरली. साहेबांनी निरोप पाठवला, "निकमना सांगा, कार्डं जरा झटकून ठेवा." मी दोरे कापले, एकेक कार्ड ब्रशने पुसलं, आणि कार्ड हातात आलंच आहे तर म्हटलं, लावूनही टाकू. चार दिवस राबलो. निरोपाची भेट म्हणून.

"सर, मी परत लावून देतो," मी म्हणालो.

"तुम्हाला वेल्श येतं?"

"नाही."

"आयरिश?"

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. "करून बघा." यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आठही डबे मी टॅक्सीने हवल्लीला नेले. खोलीत इस्माईलभाई चहा पीत होते. ते आमच्या चौघांतलेच, मूळचे हर्णैकडचे. आमच्याच स्टोअरच्या काउंटरवर पार्ट देण्याचं काम करायचे. मेकॅनिकने तुटका तुकडा दाखवला की कार्ड न बघता नेमका पार्ट काढून देणारा माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तुना कोणी सांगितलेलं आवरूक?" ते म्हणाले. "उद्या साहेबाचं नाकडोळं पण ए टू झेड लावशील!"

मला हसू आलं नाही. म्हाताऱ्या माणसाची दृष्टी जात होती आणि उरलीसुरली वाट मी पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरची पद्धत वापरायची ठरवली. आमच्याकडे एक इंटरचेंज लिस्ट असे. म्हणजे अमुक कंपनीच्या बेअरिंगऐवजी तमुक कंपनीचं चालतं, अशी यादी. काम एकच, बनवणारे वेगळे. कार्डांवर प्रत्येक शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहिलेला होताच. मग काय, एका अर्थाचे शब्द एकत्र! समुद्राला वेल्श 'मोर', आयरिश 'मुइर'. दहाला 'देग' आणि 'देख'. आपला 'दश' आठवून मी चाटच पडलो. ड्यूटी संपली की मी खोलीत जमिनीवर कार्डं मांडून बसायचो. बाकीचे तिघे भिंतीला धरून चालायचे. पाच दिवसांत हजारातली साडेसातशे कार्डं दोऱ्यात बांधून झाली.

मोठ्या ऐटीत पहिला डबा साहेबांकडे नेला आणि गठ्ठे वाचून दाखवू लागलो. सहाव्या गठ्ठ्याला त्यांनी हात वर केला.

"मासा. वेल्श 'पिस्गोदिन', आयरिश 'ईस्क'. हे एकत्र का बांधलंत?"

"सर, दोन्हींचा अर्थ मासाच."

"अर्थ एक आहे. पण आमचा शब्द आम्ही रोमन लोकांकडून उचललाय. आयरिश शब्द त्यांच्या घरातला, वाडवडिलांपासूनचा. आणि सूर्य कुठे आहे? वेल्श 'हाइल'?"

"सूर्याच्या गठ्ठ्यात."

"त्याच्याबरोबर आयरिश 'सूल' हवा."

मी केलेली गठ्ठ्यांची यादी बघितली. "सर, 'सूल' म्हणजे डोळा."

"हो. डोळा आणि सूर्य. एकाच घरातून निघाले आणि वेगवेगळ्या कामाला लागले. मला तो गठ्ठा फार आवडायचा."

मी डबा उचलून परत आलो. एक काम करणारे दोन बेअरिंग एकाच कारखान्याचे नसतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी शब्दांच्या बाबतीत मी नेमकं तेच धरून चाललो होतो. आता सात दिवस उरले होते. ज्यांचे अर्थ पांगले, त्यांची नाती शोधायची कशी? आणि जे उगाच एकत्र बांधले, ते ओळखायचे कसे?

वाट दाखवली इस्माईलभाईंनी. त्यांना इंग्रजी जेमतेम येई, पण अक्षरं ते पार्ट नंबरसारखी वाचत. मी बरोबर बांधलेले गठ्ठे त्यांनी हातात घेतले आणि एकेक करून सतरंजीवर ठेवत गेले.

"निकमा, ह्या बघ. ह्या वेल्सवाल्याचं पी नं सुरू होतंय, तर त्या आयरिशवाल्याचं सी. परत पी, परत सी. डोकं बघ, चार बघ, पाच बघ."

मी बघितलं. डोक्याला वेल्श 'पेन', आयरिश 'क्यान'; लिहायला सी, म्हणायला क. चारला 'पेद्वार' आणि 'क्याहिर'. पाचला 'पिंप' आणि 'कूग'.

"आणि ह्याचं एच, तर त्याचं एस. मीठ बघ."

मिठाला 'हालेन' आणि 'सलन'. म्हाताऱ्याला 'हेन' आणि 'शॅन'. सूर्य 'हाइल', डोळा 'सूल'. मी ताडकन उभा राहिलो.

"दोन कंपन्यांचं नंबर असंच असतंत," इस्माईलभाई म्हणाले. "फुडचं अक्षर आपापलं. मागचा नंबर सारखा. मना इंग्रजी कशाला होवं?"

म्हणूनच माझ्या ए टू झेडने एवढा घात केला होता. 'क्यान' पहिल्या डब्यात गेला होता आणि त्याचा सख्खा भाऊ 'पेन' सहाव्यात. सगळी घरंच्या घरं मी अशी मधोमध तोडली होती.

त्यानंतर आम्ही दोघे बसलो. अर्थ बाजूला ठेवून आधी अक्षरांचा सांगाडा जुळवायचा, मग अर्थ विचारायचा. आयरिश 'अख' म्हणजे घोडा आणि वेल्श 'एबोल' म्हणजे शिंगरू. हे दोघे एकत्र येतात, हे आम्हाला कधीच कळलं नसतं. ते साहेबांनी एकदा चहावर सिस्टर नोरांना सांगितलेलं होतं, त्यांनी आम्हाला सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर बसून त्या अडलेली कार्डं मोठ्याने वाचायच्या. शब्द कानावर पडला की त्यांच्या आजीची एखादी आठवण निघे आणि दहा मिनिटं जात. मला घाई होती, पण त्यांना थांबवण्याची हिंमत झाली नाही. उरलेलं साहेबांकडे नेत असे. ते डोळे मिटून ऐकत.

"हा दुसऱ्या डब्यात, मागून तिसरा." असं म्हणताना त्यांचा अंगठा मांडीवर हलायचा.

पी आणि सीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते खुर्चीत पुढे झाले.

"हे कुणी शोधलं?"

"काउंटरवरच्या इस्माईलभाईंनी."

"हे टगच्या कप्तानाला पटवायला मला दोन वर्षं लागली," ते म्हणाले, आणि त्या प्रकरणात पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. "तुमच्याकडे आहे का यातलं काही?"

"'हेन', 'शॅन' ऐकून सनातन आठवतो, सर. म्हणजे फार पूर्वीपासूनचं."

"आठवायलाच हवा. त्यांच्याच घरातला आहे तो." त्यांनी नवं कार्ड मागितलं आणि त्यावर देवनागरीत तो शब्द मला लिहायला लावला. नंतर ते म्हणाले, "निकम, मी पहिल्या दिवशी फार रागावलो होतो."

"मला कळलं होतं, सर."

"मी काही बोललो नव्हतो."

"तुम्ही झाकण दोनदा लावलंत."

निघायच्या आदल्या दिवशी सगळं मोजलं. साठेक कार्डं उरली होती. ना सिस्टरना जागा सांगता आली, ना साहेबांना आठवली. ब्रिटनीचा पाणबुड्या केव्हाच घरी गेला होता. मी माफी मागितली. अजून चार दिवस असते तर, असं काहीतरी पुटपुटलो. चार दिवसांनीही ती लागली नसती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला रडू आलं. तेहतीस वर्षांचा बाप्या, मुदीरच्या, म्हणजे साहेबांच्याच ऑफिसात उभा राहून रडलो, याची मला आजही लाज वाटत नाही.

"आठव्या डब्यात ठेवा," साहेब म्हणाले. "तुमच्या क्रमाने. ए टू झेड. दोरा नको."

इस्माईलभाईंनी आठही डब्यांची झाकणं बीळ बुजवावं तशी चिकटपट्टीने बंद केली. वाळूचा कणही आत जाणार नव्हता. साहेबांनी निघताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. इस्माईलभाईंना विचारलं तर म्हणाले, "मना तरी काय कळलं! पण चांगलं बोलला."

दीड वर्षाने साहेबांच्या भाचीचं पत्र आलं. मामांना आता काहीच दिसत नाही, असं तिने लिहिलं होतं. रोज चहानंतर ती त्यांना कार्डं वाचून दाखवते. सात डबे त्यांना पाठ आहेत. ती पहिला शब्द वाचते, पुढचे तेच म्हणतात. तिला कंटाळा येतो, मग त्यांनाही येतो. मग ते आठवा डबा मागतात, कारण त्यात पुढे काय येणार ते त्यांना माहीत नसतं. त्या साठांतल्या अकरा कार्डांची घरं आजवर त्यांनी शोधली आहेत. एखादं सापडलं की दिवसभर गुणगुणत असतात. तळाशी तिने लिहिलं होतं, 'उरलेली संपायला नकोत असं वाटतं, म्हणून हल्ली मी रोज एकच वाचते.'

पत्र मी इस्माईलभाईंना मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग? चांगलं केलंस का वाईट केलंस?"

मी म्हणालो, वाईटच केलं. बाकी साहेबांचा मोठेपणा.

त्यानंतर वीस वर्षं मी स्टोअरमध्ये काढली. दुसऱ्याची कार्डं, कपाट, टेबल आवरायची वेळ आली की हात लावण्याआधी विचारत असे, हे असं का ठेवलंय? बहुतेकांना कारण सांगता यायचं. ज्यांना सांगता आलं नाही, त्यांचंही मी नुसती धूळ झटकून तसंच ठेवलं.