अनंताची फांदी

अनंताच्या एकाच झाडाच्या दोन फांद्या आम्ही भावांनी आणल्या. धाकट्याच्या घरात त्याची लागली. माझी खिडकीतल्या कुंडीत नुसतीच उभी आहे. मला हेवा वाटतो, आणि तो केवळ फांदीचा नाही. आई त्याच्याकडे रमते. माझ्याकडे आली की पिशवी भरलेलीच ठेवते.

आज मूळ फुटले का, हे पाहण्यासाठी मी फांदी पुन्हा उपसली. मागून आई म्हणाली, "अरे, रोज उपटून बघतोस, मग लागेल कशी ती? धाकट्यानं तर ढुंकूनही पाहिलं नाही."

मी ओशाळून फांदी मातीत खोचली. रोज संध्याकाळी मी आईला विचारतो, "इथं करमतंय ना?" आज तो प्रश्न मी ओठांवरच थोपवला आणि तिच्याशेजारी नुसता बसून राहिलो.