हिराच्या सीटवरचा दिवा

भूत, करणी, भानामती... असलं कुणी सांगाय लागलं की मी तिथनं उठून जाणारा माणूस. जन्म फौंड्रीत गेला माझा. लोखंड तापलं तर वितळतंय, न्हाय तापलं तर न्हाय — एवढंच मला कळतंय. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं शुद्धलेखन बघू नका, गोष्ट बघा. आणि ही ऐकीव न्हाय. उचगावात, माझ्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत झालेली हाय.

गेल्या थंडीत आमची मालकीण, म्हणजे माझी बायको, गेली. हिरा. दिवेलागणीला शेंगा फोडत बसलती, म्हणाली छातीत दाटल्यागत होतंय. मी आणि संदीपनं, म्हणजे आमच्या पोरानं, तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं, तिचं डोकं धरून. हायवेच्या पुलाखाली ही गर्दी... दवाखान्याच्या दारात गाडी लागली तसं डॉक्टर बाहेर आलं आणि त्यांनी तिच्या बाजूचा दरवाजा उघडला. दरवाजा उघडला तसा छताचा दिवा लागला. त्या उजेडात त्यांनी तिचं डोळं बघितलं, नाडी बघितली आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

म्हणजे हिरा गेली ती गाडीत. त्या सीटवर.

आता आमच्यात रीत अशी — जीव जिथं गेला तिथं दहाव्यापर्यंत दिवा ठेवायचा, इझू द्यायचा न्हाय. गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून. जयसिंगपूरला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का, तिनं घरात, पुढच्या सोप्याच्या कोपऱ्यात पीठ पसरून पणती लावली. मी म्हणलं, "तिथं कशाला? ती तिथं गेलीया व्हय?"

"मग काय गाडीत पणती लावतोस?" आक्का म्हणाली. "घरादारासकट पेटवून दे की सगळं."

तिचं खरं होतं. सीटवर तेलाचा दिवा कुठनं ठेवणार? पण हिरा अंधाराला लई भ्यायची. घरामागं परड्यात जायचं झालं तरी मला उठवायची. ती एकटी अंधारात राहाय नको, एवढंच माझ्या डोक्यात. मी गाडीच्या शेडात गेलो, आत बसलो आणि छताचा दिवा लावून ठेवला.

ज्यांच्याकडं गाडी न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिव्याच्या बटणाला तीन जागा असत्यात. मधी ठेवलं की दरवाजा उघडल्यावर दिवा लागतोय, आणि दरवाजा लावला की जरा वेळानं जातोय. चौकटीत रबराचं बारकं बटण असतंय, दरवाज्यानं ते दाबलं जातंय, त्यावरनं गाडीला कळतंय. एका बाजूला सरकवलं की दिवा कायमचा बंद. दुसऱ्या बाजूला सरकवलं की कायमचा चालू. नव्या गाड्या म्हणे माणूस विसरला तर आपणच दिवा घालवत्यात. आमची जुनी, सेकंडहँड. तिला एवढी अक्कल न्हाय. दिवा चालू राहिला की बॅटरी खात बसणार, आणि बॅटरी उतरली की दिवा गेला. हिशोब सरळ हाय.

संदीप तेच बोलला. आबा, सकाळपर्यंत बॅटरी झोपल म्हणाला. मी म्हणलं झोपू दे, चार्ज करून आणू, परत लावू.

सकाळी बघितलं तर दिवा चालू. मला बरं वाटलं. बारका बल्ब, कितीसं खाणार... पण दुसऱ्या दिवशीबी चालू. तिसऱ्या दिवशीबी. सुतकात गाडी कुणी हलवली न्हाय, इंजिन एकदाबी चालू केलं न्हाय. मी सारखा जाऊन बघून यायचो, पणतीत तेल हाय का बघावं तसं. मला वाटायचं संदीपच गुपचूप चार्जिंग करतोय. पोरगं शहाणं निघालं म्हणायचो मनात.

एक मात्र ध्यानात आलतं. संदीप शेडाकडं फिरकायचा बंद झालता. शेडातलं फावडं आण म्हणलं तर शेजाऱ्याचं मागून आणायचा. मी म्हणलं, आईची आठवण येत आसंल.

दहाव्याला पंचगंगेवर गेलो. कावळा पटकन शिवला. घरी येऊन आक्कानं पणती शांत केली. मी गाडीकडं निघालो तर संदीपनं माझा दंड धरला.

"आबा, दिव्याला हात लावू नका."

"का रं?"

"बॅटरी न्हाय तिच्यात."

मला कळलंच न्हाय काय म्हणतोय. त्यानं मला मागच्या खोलीत नेलं. कॉटखाली पोतं, पोत्याखाली गाडीची बॅटरी. पहिल्याच सकाळी, मी उठायच्या आधी, त्यानं काढून ठेवलती. दिवा गेला की आबा गप बसतील आणि बॅटरीबी वाचंल, असं त्याला वाटलं. बॅटरी काढून सरळ उभा राहिला, तर काचेतनं दिवा तसाच. बॅटरी ह्याच्या हातात आणि दिवा चालू! तवापासनं पोरगं धड झोपलं न्हवतं.

मला राग आला. भर दुपारची वेळ. शेडात जाऊन मी स्वतः बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा मोकळी. दोन वायरी फडक्यात गुंडाळून बाजूला सारलेल्या. मी हात घालून चाचपलं, खाली झोपून बघितलं, दुसरीकडनं कुठनं वायर आलीया काय... न्हाय. आणि आत, हिराच्या सीटवर, पिवळा उजेड. आक्का पदर तोंडाला लावून दारात उभी. तिनंबी बघितला.

"दत्तू," आक्का म्हणाली, "जाऊ दे तिला."

खरं सांगतो, मला बंद करायचा न्हवता. मनात आलं, राहू दे की. गाडी इथंच राहू दे, मी रोज येऊन शेजारी बसीन, कुणाच्या बापाचं काय जातंय? पण दहाव्यानंतर दिवा ठेवला तर माणूस अडकतंय म्हणत्यात. खरं-खोटं देवाला ठावं. माझ्यापायी अडकाय नको. मी आत बसलो, बटणावर बोट ठेवलं आणि सरकवलं.

गेला.

लगेच मी परत चालू केला. न्हाय लागला. परत केला. परत. संदीप म्हणाला, "आबा, बास की आता." तरीबी मी करतच बसलतो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवली. गाडी एका सेल्फात चालू झाली. दिवा आता चारचौघांच्या गाडीतल्यासारखा लागतोय, जातोय. वायरिंगवाल्याला दाखवलं. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, करंट कुठंतरी साठून राहिला आसंल. मी म्हणलं, "एवढा साठतोय तर बॅटऱ्या कशाला विकतोस?"

इथं शिकलेली माणसं हाईत, कुणाला कळलं तर सांगा. शॉर्टसर्किट म्हणू नका, त्यालाबी करंट लागतोय. मला काय कळलेलं न्हाय. आणि जन्मभर माझं एक न ऐकणारी बाई त्या दिवशी एका बोटात कशी ऐकली, तेबी कळलेलं न्हाय.