सतरा नंबरचा फोटो

बसा, चहा होतोय तोवर माझी एक फजिती सांगतो. अड्याळात ती लहानथोरांना पाठ आहे, तुम्हीच तेवढे राहिलात. दुसऱ्या कोणाकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावेल. माझ्याकडून ऐकाल तर निदान तिखट तरी कमी असेल.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट असेल. मी अड्याळच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वर्गात पोरांना माठ आणि आंब्याचं पान काढायला शिकवायचो, पण डोक्यात हवा अशी की सबंध भंडारा जिल्ह्यात कलेतलं कोणाला काही कळत असेल, तर ते मला एकट्याला. त्यात भंडाऱ्याहून पोस्टकार्ड आलं. तिथल्या एका मंडळानं फोटोंची स्पर्धा ठेवली होती आणि तिघा परीक्षकांत मी एक! आता माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का? ते कार्ड घेऊन मी गावभर फिरलो. हेडसरांना म्हटलं, तुम्हाला यावंच लागेल. बायकोला, म्हणजे सुमनला म्हटलं, चांगली साडी नेस, मला स्टेजवर बसवणार आहेत.

बाकीचे दोघे परीक्षक म्हणजे पितळी भांड्यांचे व्यापारी असलेले एक शेटजी आणि एक रिटायर तहसीलदार. शेटजी फोटो हातात घेऊन तिरपा करायचे, चमक बघायचे. आता हे वाजवून बघतात की काय, असं मला वाटायचं. तहसीलदारसाहेब प्रत्येक फोटोत ओळखीचा माणूस शोधायचे. एका फोटोत त्यांना जुना कोतवाल दिसला, तर त्याला दहापैकी आठ देऊन मोकळे.

मी उभा राहिलो आणि भाषणच ठोकलं. म्हटलं, फोटोत कोण आहे ते पाहायचं नाही, फोटो पाहायचा. उजेड पाहा, सावली पाहा, मांडणी पाहा. माणूस नात्यातला असो की वैरी, आपल्याला त्याच्याशी काय करायचं? दोघांनी माना डोलावल्या. तहसीलदारसाहेबांनी कोतवालाच्या आठाचे चार केले. फोटो काढणाऱ्यांची नावं आम्हाला दिलेलीच नव्हती, प्रत्येक फोटोवर नुसता नंबर होता.

मग सतरा नंबरचा फोटो हातात आला.

फोटो शंकरपटातला होता. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला पट म्हणतात. जोड्या पळत होत्या त्या पार मागे, धुळीत. पुढे एक सोडलेली बैलगाडी, आणि गाडीखाली तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, एक माणूस ढाराढूर झोपलेला. डोळ्यांवर खांद्यावरचा दुपट्टा ओढलेला, अंगात मोठ्या चौकड्यांचा शर्ट, आणि तोंड हे एवढं उघडं. चाकाच्या आऱ्यांमधून ऊन त्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. वर एक बैल मान घालून त्याच्या उशाचं तणस निवांत ओढून खातोय. शेटजी चमक बघायचं विसरले. तहसीलदारसाहेब नुसतेच "वा" म्हणाले.

मी मात्र तो चटकन पालथा घातला. कारण तो माणूस मी होतो.

त्याचं असं झालं होतं. संक्रांतीनंतर आसगावकडे पट भरला होता, आणि पट म्हटलं की माझे पाय घरात ठरत नसत. शाळेत अर्ज दिला, 'ताप असल्याने अंथरुणावरून उठवत नाही.' त्याच दिवशी मला सुमनबरोबर तिच्या माहेरी भाचीच्या बारशाला जायचं होतं. तिला सांगितलं की मला भंडाऱ्याला ट्रेनिंग आहे, सरकारी काम आहे, नाही म्हणता येत नाही. आणि गेलो पटात. दुपारी पोट तुडुंब भरल्यावर एका गाडीखाली आडवा झालो. शर्ट हाच चौकड्यांचा, मिशी हीच, आणि झोपेत माझं तोंड उघडं राहतं हे तर सुमन रोज ऐकवते. तसं पाहिलं तर अर्जात खोटं काय होतं? उठवत नव्हतंच. फक्त अंथरुणाच्या जागी तणस होतं.

आता पाहा माझी अवस्था. दोघेही म्हणतात, पहिला नंबर याचाच. म्हणजे हा फोटो स्टेजवर जाणार, हेडसरांच्या आणि सुमनच्या नाकासमोर! मी घसा खाकरला आणि म्हटलं, सावली फार आहे. चौकड्या डोळ्यांत खुपतात. तरी दोघं हलेनात. तेव्हा म्हटलं, मुख्य दोष म्हणजे बैल.

"बैल नसावा का जी?" शेटजींनी काळजीनं विचारलं.

"कलेत नसावा," मी म्हटलं.

का नसावा, ते मला आजतागायत माहीत नाही. पण ड्रॉइंग मास्तर म्हणतो म्हटल्यावर दोघांनी ते मानलं. पहिला नंबर वैनगंगेवरच्या सूर्यास्ताला गेला. तसा सूर्यास्त त्या काळी दर दुसऱ्या कॅलेंडरवर असायचा. निकाल बाहेरच्या फळ्यावर लागला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात कळलं की हरलेले फोटोसुद्धा हॉलमध्ये लावायचे आहेत. झाली का पंचाईत? मी स्वतःच हातोडी-खिळे घेतले. सतरा नंबर दारामागे, पाण्याच्या रांजणावर, जिथे दिवसाही अंधार असतो तिथे ठोकला. परीक्षक स्वतः राबतो आहे, म्हणून शेटजींना केवढं कौतुक.

पण माणसाला तहान लागतेच की. सुमन आली, पाणी प्यायला गेली आणि तिथेच थबकली. किती वेळ उभी! पेला हातात तसाच. परत आली ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बिचारा किती थकला असन."

एवढा टोमणा कळायला परीक्षक असावं लागत नाही. मी "आलोच" म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर पळालो.

तिथे एक किडकिडीत माणूस जवळ येऊन अदबीनं उभा राहिला. खांद्याला कापडी पिशवीत कॅमेरा. म्हणाला, मी केशव, आसगावचा, धानाची शेती आहे.

"सर जी, सतरा नंबर माहा होता. त्यात काय चुकलं, थे सांगता का? पुढं ध्यानात ठेवीन."

आणि त्यानं खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. लिहून घेणार होता हो! बोलता बोलता कळलं की तो आजूबाजूच्या लग्नांचे फोटो काढतो, पण धुवायला आणि छापायला प्रत्येक वेळी भंडाऱ्याला यावं लागतं. एका लग्नाच्या दोन-दोन खेपा. लोक वाट पाहून कंटाळतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात. पहिलं बक्षीस एन्लार्जर होतं, म्हणजे फोटो मोठे करून छापायचं यंत्र. ते मिळालं असतं तर त्याला घरच्या घरी काम करता आलं असतं. दोन महिने तो त्या यंत्राची जागा घरात मोजून बसला होता.

"नाई भेटलं त नाई," तो म्हणाला. "पण चूक समजली पायजे."

मी म्हटलं, सावली. त्यानं लिहिलं. चौकड्या. लिहिलं. बैल. जरा अडखळला, पण तेही लिहिलं. मला आणखी काही सुचेना, म्हणून बोलून गेलो की त्या माणसाचं तोंड असं उघडं बरं दिसत नाही.

केशव लिहायचा थांबला आणि खाली बघून हसला. "थे त खरं आहे जी. सांगीन मी त्यायले, तोंड बंद ठेवत जा म्हणून."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. म्हणजे याला सगळं माहीत आहे! तोंडावर बोलत नाही, एवढीच त्याची सभ्यता. त्या सभ्यतेनं मी आणखीच मेलो.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या रांगेत हेडसर, त्यांच्या मागे सुमन, आणि चौथ्या रांगेत केशव, मांडीवर वही उघडून. शेटजी म्हणाले, फोटो कसा पाहावा यावर मास्तर दोन शब्द बोलतील. मी माइकसमोर गेलो. म्हटलं, फोटोत कोण आहे ते पाहायचं नाही. केशवनं ते लिहिलं. लिहून त्याच्याखाली रेघ मारली.

ती रेघ पाहून मला माझं मन खाऊ लागलं. माझ्यासारख्या खोटारड्याचं बोलणं कोणीतरी इतकं मन लावून लिहून घेतं आहे, आणि त्याच माणसाचं यंत्र मी हिरावून बसलो आहे! मला पुढचा शब्द फुटेना. जो फुटला तो भलताच होता.

"सतरा नंबरच्या फोटोत काहीही चूक नाही," मी म्हणालो. "सावली चांगली आहे. बैल तर फारच चांगला आहे. चूक माझी आहे, कारण गाडीखाली झोपलेला तो माणूस मी आहे. मला ताप नव्हता. मला ट्रेनिंगही नव्हतं. मी पटात गेलो होतो."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सुमनकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग चौथ्या रांगेत केशव बिचकत उभा राहिला.

"सर जी, तुमचं काईतरी चुकून राहिलं," तो म्हणाला. "थो माणूस तुमी नाई. थे माहे बाबा होत."

आणि त्यानं शेजारी बोट दाखवलं. शेजारच्या खुर्चीत मोठ्या चौकड्यांचा शर्ट घातलेले एक मिशाळ गृहस्थ मान मागे टाकून बसल्या जागी झोपले होते. तोंड हे एवढं उघडं.

त्या वर्षी अड्याळच्या बाजारात चौकड्यांच्या कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे आले होते. अर्ध्या तालुक्यानं तोच शर्ट शिवला होता. मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण डोळ्यांसमोर मी स्वतःच उभा, तर तालुका कुठून दिसणार?

हॉल असा हसला की केशवचे बाबा दचकून जागे झाले. कार्यक्रम संपला असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यास्तवाला भला माणूस निघाला. तोच उठून म्हणाला की माझा दुसरा, यांचा पहिला. शेटजींनी तिथल्या तिथे यंत्र केशवच्या हातात दिलं, आणि त्यानं ते लेकरासारखं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. खरं सांगतो, तेवढं पाहून मला माझ्या अब्रूचं काही वाटेनासं झालं. मग हेडसर जवळ आले. तापावर उपाय म्हणून वर्षभर शनिवारची सकाळची कवायत तुम्ही घ्यायची, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग पुन्हा वाटायला लागलं.

परतीच्या एसटीत सुमननं खिडकीची जागा धरली. मग म्हणाली, "मले त पाहिल्याबरोबर समजलं होतं, थो माणूस तुमी नाई म्हणून."

"कसं काय?"

"पाय नाई पाहिले का त्याचे? टाचेले किती भेगा, बोटायत चिखल घट्ट बसून. जनमभर धानाच्या बांधीत उभं राहिलेल्या माणसाचे पाय होत थे. तुमी कधी उतरले बांधीत?"

पाय? नंतर जाऊन पाहिलं तर ते फोटोच्या ऐन पुढे, अर्धा फोटो व्यापून होते. त्या फोटोत पाहण्यासारखं जे होतं ते तेच होतं. मी उघड्या तोंडापाशी अडकलो, तो पायापर्यंत पोचलोच नव्हतो. आणि तिचं ते 'बिचारा' म्हणजे टोमणा नव्हता, तिला खरंच त्या माणसाची कणव आली होती. मी सुटकेनं हसलो. "थे ट्रेनिंगचं घरी गेल्यावर पाहू," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

महिन्याभरात केशवनं घरी अंधारी खोली केली, यंत्र बसवलं आणि हट्ट धरला की पहिला मोठा फोटो सरांचाच. मी कोट घातला, ताठ बसलो, तोंड घट्ट मिटून घेतलं. त्यानं तो फ्रेम करून घरी आणून दिला. सुमननं उजेडाकडे धरला आणि शेटजींसारखा तिरपा करून बराच वेळ पाहिला.

"झकास आहे," ती म्हणाली. "उजेड चांगला, सावली चांगली."

मी मिशीवरून हात फिरवला. विचारलं, "आणि माणूस?"

"थे नाई पाहायचं असते ना," ती म्हणाली. "तुमीच त सांगता."

आणि तिनं तो फोटो आतल्या दारामागे, रांजणावर लावला. अजून तिथेच आहे, पाणी प्यायला उठलात की दिसेल.