बोअरच्या पाण्याचा करार

आमच्या गल्लीतला हा गृहस्थ शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल परदेशी पाठवायचं काम बघतो. चहात खारी बुडवत रोज सांगतो, “देशादेशांचे करार जाळ्यासारखे गुंतलेत, साहेब. शेजारी देशाला बोलावं तर आपलाच माल अडतो. म्हणून सरकारं गप बसतात. आपणबी तेच करावं.”

काल बोअरवाल्या काकांनी झाडूवाल्या बाईला हंडाभर पाणी न देता हाकललं. सगळ्या गल्लीला त्यांचंच पाणी, त्यामुळं कुणी बोललं नाही. या गृहस्थानं मात्र स्वतःच्या टाकीत सोडलेला बोअरचा पाइप काढून तिच्या हंड्यात धरला. “काका, हे लई चुकलं तुमचं,” म्हणाला.

आज काकांनी त्याचा पाइप तोडलाय. रिकामी कळशी घेऊन टँकरकडं जाताना तो मला बघून नेहमीसारखाच हसला. माझी टाकी भरून वाहत होती. तो आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं.