सोमलाला लागलेली गोळी

कामरगावात शालिकरामांना सगळे फौजी म्हणत. साठी उलटली होती. दीड एकरात वांगी, मेथी पिकवून ते कारंज्याच्या बाजारात नेत. तरुणपणी श्रीलंकेच्या जंगलात लढून आले होते, पण घरात त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

एका रविवारी दुपारी त्यांच्या मुलीनं, राधिकानं, टीव्हीवर हॉलिवूडचा जुना युद्धपट लावला. हिंदीत होता.

"बाबा, या ना. जंगलातली लढाई हाय."

मेथीच्या जुड्या बांधत ते समोर बसले. पडद्यावर गोरे जवान चिखलातून एकामागे एक चालले होते. पुढच्यानं मूठ वर केली, सगळे थिजले. झुडूप हललं. एकानं घाबरून गोळी झाडली आणि आतून त्यांचाच माणूस कोसळला.

शालिकरामांनी उठून टीव्हीची पिनच उपटली.

"काहून बंद केला?" राधिका चिडली.

"सोमलाले मीच मारलं," ते म्हणाले.

सोमला मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा, त्यांच्याच पलटणीतला. पाणी आणायला गेलेला तो भलत्याच वाटेनं परतला आणि शालिकरामांनी पानांच्या आवाजावर गोळी झाडली. दुश्मनाच्या गोळीनं जागीच गेला, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. पुढं सुट्टीत येऊन सोमलाच्या बायकोला, रुपाबाईलाही तेच. तिचा तान्हा भाऊसिंग ती गोष्ट ऐकतच मोठा झाला आणि बापासारखा फौजेत गेला.

"आता रुपाबाईले खरं सांगून काय होईन, बाबा?"

"मले नाही माहीत. पन आता गप राहवत नाही."

सोमवारी एसटीनं ते तांड्यावर गेले. रुपाबाई अंगणात मूग निवडत होती. तिनं पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातातच धरून, उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं.

तिचे हात सुपातच फिरत राहिले.

"तुमी तर म्हनले होते, जागीच गेला."

"नाही वहिनी. घटकाभर होता. माह्या मांडीवर."

"काई बोलला?"

शालिकरामांनी तांब्या खाली ठेवला. "म्हने, शाल्या, मी सोमला हाव ना रे."

ते पाया पडायला वाकले, तशी तिनं पाय मागे घेतले.

"भाऊसिंग दिवाळीले येऊन राह्यला," ती म्हणाली. "त्याले मी सांगीन. तुमी आता इकडं येऊ नका."

घरी आल्यावर राधिकानं पुढ्यात ताट ठेवलं. त्यांनी अर्धी भाकर कशीबशी खाल्ली आणि कॅलेंडरकडे पाहिलं. दिवाळीला अजून दीड महिना होता.