न विचारता बोलायचं

मी मेडिकलला असताना, नव्वदच्या दशकात, आमच्या कॉलेजात नवी पद्धत आली. लेक्चर कमी. सात-आठ जणांचा गट टेबलाभोवती बसायचा, एका रुग्णाच्या तक्रारींचा कागद मिळायचा. काय वाचायचं ते आपणच ठरवायचं आणि पुढच्या बैठकीत चर्चा करायची. सर कोपऱ्यात गप्प बसून बोलण्याचे गुण मांडायचे.

मी अंबरनाथच्या मराठी शाळेतली. तिथे बाई नाव घ्यायच्या, मग उभं राहून उत्तर द्यायचं. इथेही मी लायब्ररीत पुस्तकं उपसून यायचे आणि कुणी विचारेल म्हणून वाट बघत बसायचे. बाकीचे एकमेकांना तोडत इंग्रजीत बोलायचे. तास संपायचा. एकदा सरांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं, "तुम्ही वाचून येतच नाही. असंच चाललं तर परीक्षेला बसू देणार नाही."

तो राग अजून गेलेला नाही. वाचण्यासाठीच तर घरच्यांनी मला तिथवर पोहोचवलं होतं.

बाबा एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. ऐकून म्हणाले, "न विचारता बोलायचं? मग मास्तर कशाला ठेवलाय?" तरी शिफ्टवरून आल्यावर, न जेवता, माझा सराव घ्यायला बसले. आई आणि धाकटी बहीणही बसली. यावेळचा कागद गरोदर बाईच्या काविळीचा होता. एकमेकांना मध्येच तोडायचं, असं ठरलं. मी बोलत राहिले. तिघंही मान डोलवत ऐकत राहिले.

"आई, तोड ना मला!"

"अगं, तुझं संपू तर दे."

बहीण हसून लोळली. मला रडू आलं. दुसऱ्याचं संपू देणाऱ्या घरातल्या मुलीला ते कॉलेज आळशी ठरवत होतं.

पुढच्या बैठकीत एक मुलगा बोलत असतानाच मी उठून उभी राहिले.

"बस ना यार, राष्ट्रगीत चालू आहे का?" तो म्हणाला. सगळे हसले.

मी बसले नाही. वाचलेलं सगळं उभ्यानेच सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. तो मध्ये बोलायला लागला.

"माझं संपू दे," मी म्हटलं. आवाज चढला होता.

सर म्हणाले, "एवढं येत होतं, तर आधी का नाही बोललात?"

"सर, तुम्ही कधी विचारलंच नाही."

त्यांनी खाली बघून गुण मांडले. परीक्षेला बसू दिलं. 'वाचून येतच नाही' हे शब्द मात्र त्यांनी कधीच मागे घेतले नाहीत.