हाक दत्तारामाला

देवबागात किशोरीकाकीला न ओळखणारा माणूस भेटला, तर तो आजच आलेला पाहुणा समजावा. आणि तोही संध्याकाळपर्यंत तिच्याच पडवीत बांगड्याचं तिखलं ओरपत बसलेला दिसणार. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्टीवर काकीचं घर. नवरा गेल्यावर तिने रडून घेतलं, मग डोळे पुसून मागच्या खोल्या रंगवून घेतल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. बँकेत, पंचायतीत, मालवणच्या बाजारात, ती कुठे अडली असं कोणी ऐकलं नाही. "तोंड आसा तर वाट आसा," हा तिचा मंत्र. तोंड होतंच, आणि ते बंद पडल्याची नोंद नव्हती.

एका जागी मात्र ते कायम मिटलेलं असे. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा घेतलं तेवढंच: "खाडयेच्या तोंडार भरतीचा पाणी, दत्ताराम माझो राजा नि मी त्येंची राणी." तेही इतकं हळू, की दारातल्या बायका ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा घ्यायला लावत होत्या. तिने काही पुन्हा घेतलं नाही. त्यानंतर संसारभर "ओ, आयकलात?" आणि "तन्वीचे बाबा". दत्ताराम होडी घेऊन खाडीत असला आणि त्याला परत बोलवायचं असलं, तर ती शेजारच्या महादूला बांधावर उभं करायची. महादू तोंडाभोवती हात धरून ओरडायचा, "दत्तारामाऽऽ ओऽऽ!" आणि ही मागे उभी राहून म्हणायची, "अजून मोठ्यान मार रे, तुज्या घशाक काय झाला?" शेजाऱ्याच्या घशावर संसार चालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

हा दत्ताराम मोठा हौशी. गोव्याकडे जाणारं विमान डोक्यावरून गेलं की हातातलं जाळं टाकून अंगणात यायचा. "एकदा तरी इमानात बसतलंय," म्हणायचा. काकी म्हणायची, "आधी होडयेक डांबर लावा." डांबर लावून झालं, विमानात बसणं राहून गेलं. एका दुपारी जेवून कलंडला तो उठलाच नाही.

आता विमानात बसायची पाळी काकीवरच आली होती. तिची एकुलती एक तन्वी अंदमानला होती, जावई कौस्तुभ तिथे जहाजावर नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण डॉक्टरांनी तन्वीला पलंगावरून उठायलाही मनाई केली. आणि दिवस भरायच्या आधीच एका पहाटे फोन आला, की उद्या सकाळी ऑपरेशन करून मूल बाहेर काढायचं. कौस्तुभ भर समुद्रात, परवापर्यंत येऊ शकत नव्हता. तन्वी तशी आईवर गेलेली, पण फोनवर तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "आये, तू इल्याशिवाय मी आत जावचंय नाय."

"लेकीक येवक जमत नाय तर माहेर उठान थंय जातला," काकी म्हणाली, आणि पिशवी भरायला बसली.

तिकीट कौस्तुभने जहाजावरून काढलं, रेंजची ये-जा चालू असताना. त्या घाईत किशोरी हे नाव झालं, दत्ताराम हे आडनाव झालं आणि केळुसकर हे खरं आडनाव समुद्रात पडलं. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरच्या मुलाने ते पाहिलं, आधार कार्डाशी ताडून बघितलं, वरिष्ठांना विचारलं आणि चालेल म्हणाला. चेन्नईला विमान बदलायचं, दोन्ही विमानांचे पास त्याने एकदमच हातात दिले. मोठी बॅग पट्ट्यावर ठेवून घेताना त्याने काहीतरी समजावून सांगितलं. काकीने मान डोलावली. बॅगेत हळिवाचे लाडू, कुळथाचं पीठ, सोलं, आणि दत्तारामाच्या जुन्या मऊ धोतराची बाळासाठी फाडलेली दुपटी होती, त्यामुळे तिचं सगळं लक्ष ती बॅग नीट आडवी ठेवतात की नाही याच्याकडे होतं.

धुक्यामुळे विमान मोपालाच बराच वेळ खोळंबलं. काकी डगमगली नाही. खिडकीशी बसली, शेजारच्या गृहस्थाला देवबागला यायचं आमंत्रण दिलं, आणि चेन्नईला उतरली ती ताठ मानेने, सगळ्यांच्या मागोमाग. माणसं सामानाच्या फिरत्या पट्ट्याशी थांबली, तीही थांबली. तिच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं. देवबागात जन्मभर हाच कायदा: होडी बदलली की आपलं सामान आपण उचलायचं. तांडेल काय तुमची गाठोडी डोक्यावरून पुढच्या होडीत नेऊन ठेवतो? पट्टा फिरत राहिला. लोकांच्या बॅगा आल्या, लोक गेले. काकीची बॅग येईना. तेवढ्यात फोन वाजला.

"आये, खंय आसस?"

"सामानाची वाट बघतंय गो. हेंची होडी रिकामी जावक वेळ लागता."

"आये!" तन्वी किंचाळलीच. "सामान थेट हंय येतला! तू दुसऱ्या इमानाकडे जा! तां चुकला तर उद्या दुपारशिवाय दुसरा नाय!"

उद्या दुपार. ऑपरेशन सकाळी. काकीने फोन कमरेला खोचला आणि नऊवारीचा ओचा वर घेतला.

पुढचं चेन्नईच्या लोकांनी बराच काळ सांगितलं असेल. दारावरच्या शिपायाला तिने मोडक्या हिंदीत सांगितलं, त्याला कळलं नाही. मालवणीत सांगितलं, तेही नाही. मग तिने पोटावर हाताने मोठा गोल काढला, दोन्ही हातांवर बाळ घेऊन जोजवलं आणि आकाशाकडे बोट दाखवलं. शिपाई स्वतः तिला आत जायच्या दारापर्यंत घेऊन गेला. तपासणीची रांग मारुतीच्या शेपटीसारखी लांब. काकीने तिथेही तोच प्रयोग केला. एक आजोबा बाजूला झाले, मग त्यांच्या पुढचे, मग पुढचे, आणि ती सगळ्यांना हात जोडत, "बरा होतला रे तुमचा, बरा होतला," म्हणत पार पुढे पोचली. अख्ख्या रांगेत तिची भाषा कोणाला येत नव्हती. आशीर्वाद मात्र सगळ्यांनी घेतला.

आत आली आणि तिथे तिचं अडलं. दोन्ही बाजूंना दारंच दारं. पाटीवरचे आकडे एक सांगत होते, आणि पासावर लिहिलेल्या दाराशी भलत्याच गावची माणसं उभी होती. दार बदललं होतं. ज्याला विचारावं तो कानात बोंडं घालून धावत होता. काकी मधोमध उभी राहिली. धाप लागली होती. तन्वीचा तो लहान झालेला आवाज कानात घुमत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तोंड असून वाट दिसेना. तिला मनापासून भीती वाटली.

तेव्हाच हाक आली. "दत्ताराम! दत्ताराऽऽम!"

काकीच्या अंगावर सरसरून काटा आला. इथे, इतक्या लांब, कोण त्यांना हाक मारतंय? ती वळली आणि आवाजाच्या दिशेने सुटली. केसांत अबोलीचा गजरा माळलेली, हातात बोलायचा काळा खोका धरलेली एक पोरगी माणसामाणसाला थांबवत होती, "दत्ताराम? दत्ताराम?" काकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, नुसती बघत.

"दत्ताराम?" पोरीने विचारलं.

काकीने जोरात मान हलवली. "नाय गो. ते नायत आता."

'नाय' तेवढं पोरीला कळलं. ती वळली आणि हाका मारत चालू लागली. काकीने डोळ्याला पदर लावला. कोणी दुसरा दत्ताराम असेल, म्हणाली मनाशी, आणि पदर खाली घेताना हातातला पास समोर आला. मोपाचा मुलगा, ते आडनाव, समुद्रात पडलेलं केळुसकर, सगळं एका क्षणात लख्ख झालं.

ती हाक तिलाच होती. आणि पोरगी लांब चालली होती, तिच्यापुढे गर्दी. पळून गाठणं या पायांना शक्य नव्हतं. ओरडायला हवं होतं, आणि ती पोरगी एकच नाव ऐकायला कान लावून होती. मागे महादू नव्हता.

काकीने तोंडाभोवती हात धरले.

"दत्ताराऽऽम! ओऽऽ! मीच गो दत्ताराम! दत्तारामाऽऽ ओऽऽ!"

खाडीच्या पलीकडे पोचावी अशी हाक. खुर्च्यांवर पेंगणारी माणसं दचकून उठली. पोरगी वळली, पास बघितला आणि काकीचा हात धरून धावत सुटली. दार बंद करायला आलेला माणूस थांबला. काकी आत शिरली, जागेवर बसली, पट्टा बांधून घेतला. विमानाने जमीन सोडली तेव्हा तिने खिडकीकडे तोंड केलं. खाली सगळीकडे समुद्र होता. शेजारची जागा रिकामी होती. ती तिथे बघून हळूच म्हणाली, "बसलात मा एकदाचे?"

संध्याकाळी दवाखान्यात तन्वीने तिला पाहिलं आणि पलंगावरूनच हात पसरले. काकीने तिचं डोकं छातीशी धरलं. बऱ्याच वेळाने तन्वीचं रडू थांबलं.

"एकटीच इलंस आये इतक्या लांब? भियालंस नाय?"

"एकटी कित्या येतंय?" काकी म्हणाली. "दत्ताराम होते मा वांगडा."

तन्वी आईकडे बघतच राहिली. बाबांचं नाव तिने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.